उकललेले घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. या म्हणीत खर्चाचा धसका आहे, नात्यागोत्यांतील रुसव्याफुगव्यांचा अनुभव आहे आणि हाती घेतलेले काम ठरल्या दिवशी कधीच संपत नाही, ही जाणीवही आहे. मात्र म्हणीतले घर नवे आहे. राहते घर उकलून दुरुस्त करायचे, त्यातच चूल पेटती ठेवायची आणि भोवतीच्या बागेचे वर्षही सांभाळायचे, हा प्रसंग म्हणीने विचारात घेतलेला नाही. त्याचे कारण शेतीच्या चालीत शोधता येईल. हंगामी पिकांची शेती माणसाला उसंत देते. सुगी आटोपली, खळे उठले, की वैशाखात कौले चाळावी, भिंती लिंपाव्या, एखादी तुळई बदलावी आणि मृगापूर्वी घर पुन्हा पावसाला तोंड द्यायला उभे करावे, हा क्रम आपल्याकडच्या खेड्यांना ठाऊक आहे. घराचे काम आणि रानाचे काम एकमेकांच्या वाटेत सहसा येत नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या फळझाडांची गोष्ट वेगळी. आणि द्राक्षवेल व ऑलिव्ह ही दोन्ही एकाच मळ्यात नांदत असतील, तर उसंत हा शब्द त्या मळ्याच्या पंचांगातून जवळजवळ नाहीसा होतो. एक निजते तेव्हा दुसरे जागे असते.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, सॅन फ्रान्सिस्कोच्या वर पसरलेल्या सोनोमा परगण्यात असे लहान मळे आजही आहेत. तेथे त्यांना रँच म्हणतात. हा शब्द स्पॅनिश ‘रांचो’वरून आला. मेक्सिकोची सत्ता असताना हजारो एकरांची गुरचराईची जमीन एकेका घराण्याला बहाल होत असे, तिला रांचो म्हणत. १८४६ साली ती सत्ता गेली, जमिनींचे तुकडे होत गेले, गुरेही गेली आणि दहा-बारा एकरांच्या फळबागेला रँच म्हणण्याची रीत तेवढी मागे उरली. शब्दाची ऐट मोठी आणि जमीन चिमूटभर, असा हा प्रकार आहे. ऑलिव्ह आणि द्राक्ष यांच्या लागवडीही तेथे बाहेरूनच आल्या. १७६९ साली सॅन दिएगो येथे पहिले मिशन उभारणाऱ्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांच्या परंपरेतून त्या रुजल्या. उपासनेला द्राक्षासव लागे, दिव्याला आणि अन्नाला तेल लागे. एकवीस मिशनांच्या मालिकेतले शेवटचे, १८२३ सालचे मिशन सोनोमा गावातच आहे. पुढे इटलीहून आलेल्या अनेक कुटुंबांनी या टेकड्यांवर आपापले मळे लावले. १८८१ साली याच परगण्यात ‘इटालियन स्विस कॉलनी’ या नावाची द्राक्षवसाहत स्थापन झाली.

त्या लाटेच्या उत्तरार्धात आलेल्या एका कुटुंबाचा बारा एकरांचा मळा आहे. पाच एकरांत झिनफांडेल जातीच्या वेली, टेकडीच्या उतारावर दीडशेच्या आसपास ऑलिव्ह आणि उरलेल्या जागेत घर, कोठार, विहीर आणि एक ओढा. मळा आज ज्याच्या नावावर आहे, त्याच्या पणजोबांनी वेली लावल्या. आपल्याकडे द्राक्ष म्हटले की तारांचा मांडव डोळ्यांसमोर येतो. येथे मांडव नाही. माणसाच्या कमरेइतके जाडजूड खोड, त्याच्या माथ्यावरून चारी दिशांना फुटलेले आखूड हात, असे प्रत्येक वेलीचे स्वतंत्र, झुडपासारखे उभे राहणे. ही जात कोठून आली याविषयी तर्कवितर्क चालत. २००१ साली जनुकीय चाचणीतून ती क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील एका जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या वेलीशी एकरूप असल्याचे सिद्ध झाले. परक्या भूमीत शतकभर मूळ विसरून राहिलेल्या वेलीला आपले गाव उशिरा सापडले. मळ्यातल्या माणसांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने वेल आपल्या घरचीच होती.

घर रेडवुडच्या फळ्यांचे, दुमजली, १९०६ च्या भूकंपानंतर बांधलेले. त्या भूकंपाने जवळचे सांता रोझा शहर जमीनदोस्त केले होते. तरीही त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या घराचा लाकडी सांगाडा पायावर नुसता टेकवलेला होता, बोल्टांनी जखडलेला नव्हता. २४ ऑगस्ट २०१४ रोजी शेजारच्या नापा खोऱ्यात ६.० प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा तेथील काही जुनी घरे पायावरून सरकली. २०१७ च्या ऑक्टोबरात सांता रोझाच्या वस्त्या वणव्यात जळाल्या. या दोन घटनांनंतर घराची काळजी घरातल्या बोलण्यात कायमची येऊन बसली. वडील वारले, चौऱ्याऐंशी वर्षांची आई वरच्या मजल्यावर एकटी झोपू लागली, तिला जिना झेपेनासा झाला. मुलगा आणि सून पन्नाशी ओलांडलेले. त्यांची एकुलती मुलगी शहरात शिकणारी. २०२३ चा हंगाम आटोपल्यावर घर दुरुस्तीला काढायचे ठरले. पाया जखडायचा, छप्पर आणि विजेच्या जुन्या तारा बदलायच्या, आईची खोली खाली आणायची, स्वयंपाकघर नवे करायचे, वरच्या मजल्याचे रूप पालटायचे. जानेवारीत सुरुवात आणि ऑगस्टमध्ये, द्राक्षतोडणीच्या आधी, शेवट, असे कागदावर ठरले.

कागदावरचे वर्ष आणि मळ्याचे वर्ष यांत फरक असतो. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. तेथे हिवाळ्याची थंडी वेलीला खरोखर निजवते, म्हणून छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चमध्ये डोळे फुटतात. एप्रिलात दहिवराची धास्ती. मे महिन्यात फुलोरा. मग भुरीचा बंदोबस्त, शेंड्यांची विरळणी, जुलैअखेर मण्यांत पाणी उतरणे, सप्टेंबरात तोडणी. येथे वेलीचे काम संपते आणि ऑलिव्हचे सुरू होते. ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत फळे उतरवायची, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी घाण्यावर न्यायची, कारण तोडलेले फळ ढिगात तापते आणि तेल बिघडते. कडाक्याची थंडी सरताच त्यांची छाटणी. या फेऱ्यात घराच्या दुरुस्तीसाठी मोकळा महिना कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही.

त्यात बांधकामाचा परवाना लांबला. जानेवारीऐवजी मार्चच्या अखेरीस तो हाती आला, तेव्हा वेलींचे डोळे फुटून कोवळी पाने बोटभर झाली होती. सुतारांनी दक्षिणेकडची भिंत उतरवली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकचा पडदा ताणला. एप्रिलच्या रात्री त्या पडद्याआड झोपलेल्या माणसांना दहिवराची वेळ घड्याळाविना कळू लागली. एरवी पारा शून्याकडे उतरतो की काय हे पाहायला कंदील घेऊन बाहेर जावे लागे. आता थंडी स्वतःच अंथरुणाशी येऊन उठवी. गंधकाची भुकटी वाऱ्याविना पहाटे धुरळायची असते. ती उघड्या घरात शिरून सुतारांचे डोळे चुरचुरवू नये, म्हणून मालकाने पहाटे चारला ते काम उरकायचे आणि सातला हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा. जुन्या रंगात शिसे होते. अमेरिकेत घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद झाला, पण भिंतींवर त्याचे थरावर थर शिल्लक होते. ते खरवडताना स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या सर्वांत जुन्या ऑलिव्हच्या बुंध्याभोवतीची माती झाकून घ्यावी लागली. मे महिन्यात त्याच झाडाने परतफेड केली. ऑलिव्हचे परागण वाऱ्याने होते. भिंत नसलेल्या घरात परागांचा पिवळा थर ताटांवर, पुस्तकांवर, आईच्या चष्म्यावर बसला. घर आणि रान यांच्यामधली सीमा शंभर वर्षांत प्रथमच पुसली गेली होती.

ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात त्या माणूस आधी उरकतो, आणि अशा वर्षात धोका येथेच असतो. दुरुस्तीला काढलेले घर सतत दिसते. फुटका नळ दिसतो, निघालेली फरशी पायाला लागते, सुताराचा प्रश्न समोर उभा राहतो. वेल बोलत नाही. विशेष म्हणजे, तिच्याकडे झालेले दुर्लक्ष त्या वर्षी दिसतही नाही. यंदाच्या फुलोऱ्याच्या सुमारास, यंदाच्याच काडीवरच्या डोळ्यांत पुढल्या वर्षीचे घड सूक्ष्म रूपाने घडू लागतात. महाराष्ट्रातला बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो आणि त्या दिवसांत काडीला पुरेसे ऊन मिळावे म्हणून जीव टाकतो. ऑलिव्हचेही तसेच आहे. आदल्या वर्षी वाढलेल्या डहाळीवर ते फळ धरते. एका वर्षी लदबदून गेले, तर नव्या डहाळ्यांना बळ उरत नाही आणि दुसरे वर्ष रिते जाते. म्हणजे या मळ्यात प्रत्येक ऋतूला दोन वर्षे एकत्र वस्तीला असतात. एक पिकत असते, दुसरे त्याच्या आडोशाला घडत असते. घराचा हिशेब महिन्याच्या महिन्याला समोर येतो. झाडांचा हिशेब एक वर्ष उलटल्यावर, तोही दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर, हाती पडतो. सुनेने हे ओळखले होते. मे आणि जूनमध्ये ती सुतारांच्या प्रश्नांना संध्याकाळी सहानंतरच उत्तरे देत असे. दिवसा ती वेलींतली दाटी काढत असे. तिला त्याबद्दल बोलही लागले, कारण फरशीचा रंग आठवडाभर ठरला नाही.

हा पेच फार जुना आहे. इसवी सनापूर्वी १४९ साली वारलेल्या कातो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्याचा संपूर्ण टिकलेला तो सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो. ऑलिव्हची बाग आणि द्राक्षमळा हेच त्याच्या विवेचनाचे मुख्य विषय आहेत, आणि त्यात घर बांधण्याविषयीही सविस्तर सूचना आहेत. लावणी आणि बांधणी यांचा क्रम तो निःसंदिग्धपणे सांगतो. झाडे तरुणपणीच, फार विचार करीत न बसता लावावी; घराचा विचार मात्र दीर्घकाळ करावा, आणि छत्तिसाव्या वर्षी, तेही जमीन लावून झाली असेल तरच, बांधायला घ्यावे. सल्ला शहाणपणाचा आहे. तथापि कातोचा जमीनदार आणि हा मळेवाला यांच्यात अंतर आहे. शंभर युगेरांच्या, म्हणजे सुमारे साठ एकरांच्या, द्राक्षमळ्याला कातो सोळा माणसांची यादी देतो, आणि मळ्यात राबणारे हात गुलामांचे आहेत. तेथे धनी घराचा विचार करीत बसला तरी वेलींची वेळ चुकत नाही. लहान कुटुंबात धनी आणि गडी एकच असतो. छाटणी-तोडणीला मेक्सिकन वंशाचे अनुभवी मजूर येतात आणि वेलीची नस त्यांना मालकापेक्षा अधिक कळते. पण ते मोजक्या दिवसांचे. उरलेले वर्ष दोन माणसांच्या चार हातांवर असते, आणि त्याच हातांना घराचेही काम असते.

जूनमध्ये सुतारांनी तळातल्या फळ्या काढल्या आणि पायालगतची लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली निघाली. ज्या घराला बोल्ट मारायचे, त्याला बोल्ट धरणारे लाकूडच शिल्लक नव्हते. ठरलेल्या खर्चात तिसऱ्या हिश्श्याची भर पडली. ही भर द्राक्षांच्या पैशांतून काढू, असे मालक म्हणाला. जुलैमध्ये त्या पैशांचाही मार्ग बंद झाला. वर्षानुवर्षे या मळ्याची द्राक्षे घेणाऱ्या मद्यशाळेने यंदा माल नको, असे कळवले. या मळ्याशी तिचे भांडण झाले नव्हते. वाइनचा खप घटला होता, आधीच्या वर्षांचा साठा पिंपांत पडून होता आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अनेक खोऱ्यांत द्राक्षे वेलींवरच सोडून द्यावी लागली. काहींनी बागाच उपटून टाकल्या. घराचे एक अंग उघडे, पाया अधांतरी टेकूंवर, आणि पिकाला गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत कुटुंबाच्या समोर हिशेबाची वही उघडली गेली.

मुलाचे म्हणणे सरळ होते. ओढ्यालगतची दोन एकर जमीन विकावी. तेथील वेली सर्वांत म्हाताऱ्या, त्यांचे पीक सर्वांत कमी. त्या पैशांतून घर पुरे होईल, आईला पावसाळी हिवाळ्यापूर्वी पक्की खोली मिळेल. या म्हणण्यात लोभ नव्हता, आईची काळजी होती. म्हणूनच ते खोडून काढणे अवघड होते. सुनेचे म्हणणे असे, की घर अर्धे राहिले तर ते पुढे पुरे करता येईल, पण शंभर वर्षांची वेल उपटल्यावर पुन्हा शंभर वर्षांनीच मिळेल. दोघेही खरे बोलत होते. घरात काही दिवस भांड्यांचाच आवाज राहिला.

निर्णयाला वळण मिळाले ते एका भिंतीमुळे. मागच्या खोलीचा गिलावा उतरवताना आतल्या पट्ट्या दिसू लागल्या. त्या सुतारकामाच्या पट्ट्या नव्हत्या. द्राक्षांच्या खोक्यांच्या पातळ फळ्या चिरून, खिळ्यांनी ठोकून, त्यांवर गिलावा केलेला होता. काही फळ्यांवर मळ्याची खूण आणि मालाचे वजन काळ्या शाईत अजून वाचता येत होते. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तिने मद्यशाळा बंद पाडल्या, परंतु घरगुती वापरासाठी फळांचा रस करण्याची मुभा वर्षाला दोनशे गॅलनांपर्यंत ठेवली होती, आणि रस आंबतो हे सर्वांनाच ठाऊक होते. त्यामुळे बंदीच्या पहिल्या वर्षांत ताज्या द्राक्षांना पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. कॅलिफोर्नियाची द्राक्षे खोक्यांत भरून आगगाडीने पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागली. झिनफांडेल त्यांत पुढे होती. या घराच्या मागच्या तीन खोल्या त्याच पैशांतून वाढवलेल्या होत्या. घरात ही कथा सर्वांनी ऐकलेली होती. खोकी कोणी पाहिलेली नव्हती.

आईला खुर्चीसकट तेथे आणले. १९६२ साली ती या घरात सून म्हणून आली होती. तिने फळीवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, “अरे, हे तुझ्या पणजोबांच्या हातचे आकडे आहेत. तुझे आजोबा सांगायचे, हे खोके भरले तेव्हा ही खोली नव्हती.” मग थोडा वेळ थांबून तिने सुनेला विचारले, “ओढ्यालगतच्या वेली त्याच ना?” सून म्हणाली, “हो आई, त्याच.” याहून अधिक बोलणे झाले नाही. जमीन विकण्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

होमरच्या ‘ओडिसी’च्या तेविसाव्या सर्गात घर आणि झाड यांच्या नात्याची एक खूण आली आहे. वीस वर्षांनी परतलेला पुरुष आपला नवराच आहे की नाही, हे पेनेलोपीला पारखून घ्यायचे असते. ती शेजघरातला पलंग बाहेर हलवायला सांगते आणि ओडिस्यूस संतापतो. कारण तो पलंग हलणारच नाही, हे त्या दोघांना ठाऊक असते. अंगणातल्या जित्या ऑलिव्हभोवती त्याने शेजघराच्या भिंती उभारलेल्या असतात आणि त्याचे मुळासकटचे खोड तासून पलंगाचा खूर केलेला असतो. या प्रसंगाकडे पतिपत्नींच्या एकनिष्ठेचे प्रतीक म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पुढचा, चोविसावा सर्ग त्याला जोडून वाचावा लागतो. तेथे ओडिस्यूस म्हाताऱ्या बापाला भेटतो. राजवाड्यात मांडलेल्या गोंधळाकडे पाठ फिरवून लाएर्तीस फाटक्या कपड्यांनी मळ्यात एका रोपाभोवती खणत असतो. मुलगा त्याला ओळख पटवतो ती झाडांच्या मोजणीने. लहानपणी बापाने त्याला दिलेली तेरा नासपतीची झाडे, दहा सफरचंदाची, चाळीस अंजिराची आणि द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी तो पाढ्यासारख्या म्हणून दाखवतो. बायकोला पटलेली खूण झाडाभोवती बांधलेल्या घराची आहे. बापाला पटलेली खूण निव्वळ झाडांची आहे. राजवाडा इतरांनी बळकावला तरी वारसा शिल्लक राहतो, तो मळ्याच्या मोजणीत. या महाकाव्याचा शेवट घराच्या उंबऱ्यावर होत नाही, बापलेकांच्या मळ्याकडे वळतो, ही गोष्ट अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

सोनोमातल्या त्या मळ्यात मग कामांची यादी नव्याने लिहिली गेली. पाया, छप्पर, विजेच्या तारा आणि आईची खालची खोली एवढेच यंदा होईल. नवे स्वयंपाकघर नाही. वरच्या मजल्याचे तर नावच नको. कंत्राटदाराला हे रुचले नाही. सप्टेंबरात द्राक्षे तयार झाली. पाच एकरांत दहा टनांच्या आसपास माल होता. त्यातला काही एका छोट्या वाइनकाराने अर्ध्या भावात नेला, काही घरी वाइन करणाऱ्या हौशी लोकांनी स्वतः तोडून नेला. दोन प्रौढांच्या कुटुंबाला विक्रीवाचून वर्षाला दोनशे गॅलन घरगुती वाइन करता येते. दारूबंदीच्या काळातला तो आकडा आजच्या कायद्यातही आहे. तेवढी त्यांनी केली. तरी तीन टनांहून अधिक माल वेलींवर राहिला आणि पाखरांनी, मधमाश्यांनी व शेवटी पावसाने तो संपवला. पिकलेले घड वेलीवरच सुकताना पाहणे मळेवाल्याला सोसत नाही. ओढ्यालगतचे घड मात्र मुलाने स्वतः, दिव्याच्या उजेडात, पहाटेपूर्वी तोडले. त्याबद्दल तो कोणाशी काही बोलला नाही.

ऑलिव्हचे ते भराचे वर्ष होते. नोव्हेंबरात मुलगी सुटी काढून आली. घराच्या आवारात सुतारांनी मागे ठेवलेले पडदे होते, तेच झाडांखाली अंथरले. लाकडी फण्यांनी डहाळ्या विंचरल्या की फळे टपटप पडत. कच्चे ऑलिव्ह इतके कडू असते की चावणारा माणूस ते दुसऱ्यांदा चावत नाही; तरी या कडवटपणाच्या पोटातून निघणाऱ्या तेलासाठी सारा खटाटोप. लहान बागायतदारांची फळे एकत्र दळून, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे तेल वाटून देणारा एक घाणा जवळच होता. तेथे फळांचा लगदा सत्तावीस अंशांपुढे तापू देत नाहीत, कारण उष्णतेने तेल अधिक निघते आणि वास निघून जातो. तेल हिरवेगार, घशाला तिखट निघाले. सारे तेल विकूनही घराच्या खर्चाचा एक कोपराच भरला असता. त्यातले निम्मे विकले. उरलेले सुतारांना, मजुरांना आणि शेजाऱ्यांना देण्यात गेले. कंत्राटदारालाही एक बाटली पोहोचली.

डिसेंबरात आई खालच्या खोलीत राहायला आली. पाया आता बोल्टांनी जखडलेला आहे. खोक्यांच्या फळ्यांपैकी वाळवी न लागलेल्या फळ्या त्याच खोलीच्या भिंतीत पुन्हा ठोकल्या. त्यांवर गिलावा झाल्याने त्या दिसत नाहीत. वरच्या मजल्यावर छत नाही, नुसत्या तुळया आहेत, आणि स्वयंपाक कोठारातल्या शेगडीवर होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत मुलगी पुन्हा आली, आणि छाटणीच्या मुकादमाने तिला वेलीपुढे उभे केले. प्रत्येक हातावर एक काडी ठेवायची, तिच्यावर दोन डोळे राखायचे आणि बाकी सारे उतरवायचे. कोणती काडी ठेवायची हे ठरवताना ती यंदाचे पीक पाहत होती. मुकादमाने तिचा हात धरून कात्री दुसऱ्या काडीवर नेली. ही ठेवलीस तर पुढल्या वर्षी वेल वाकडी होईल, असे तो म्हणाला. गिऱ्हाइकाचे पत्र अजून आलेले नव्हते. मुलीने दुसरी काडी ठेवली, पहिली उतरवली आणि ती पुढच्या वेलीकडे वळली.